पंचविसावं कार्ड

साठीची पुस्तिका लिहायचं बर्निस कुबियाकने कबूल केलं ते निव्वळ हट्टापायी. पाइनरी सर्किट, म्हणजे आमच्या मध्य विस्कॉन्सिनमधली मोटारींच्या शर्यतींची मालिका, त्या वर्षी साठ वर्षांची होत होती. समितीने पुस्तिका काढायची ठरवली आणि ती लिहायचं काम मॅडिसनला शिकून आलेल्या एका पोराकडे जाणार, असं बर्निसच्या कानावर आलं. त्या पोराने इंजिनाचा धूर कधी नाकात घेतलाय का, असं तिने भर सभेत विचारलं. पोरगा बिचारा खरं बोलला, नाही म्हणाला. झालं, कागदपत्रांचे अकरा खोके दुसऱ्याच दिवशी बर्निसच्या स्वयंपाकघरात येऊन पडले. एकाहत्तराव्या वर्षी हा उद्योग तिने अंगावर घेतला.

सुरुवात तर झकास झाली. बटाट्याचा व्यापारी, ट्रॅक्टर दुरुस्त करणारा आणि दारूच्या गुत्त्याचा मालक, असे तिघे एका रविवारी चर्च सुटल्यावर कुणाची गाडी पुढे यावरून भांडले आणि त्यातून ही मालिका उभी राहिली, हे तिने दोन पानांत लिहून टाकलं. पाच ट्रॅक, एकही अर्ध्या मैलाइतका लांब नाही. धावणारे सगळे आपलेच: कोणी कागदाच्या गिरणीत, कोणी शाळेच्या बसवर, कोणी गाईंच्या गोठ्यात. शेजारच्या बागायतदाराचा बांध फुटून क्रॅनबेरीच्या मळ्यातल्या पाण्याने ट्रॅक बुडाला ते वर्ष, नवरदेव वरातीतून पळून येऊन पात्रता फेरी मारून गेला ते वर्ष, सगळं तिच्या तोंडपाठ होतं. एकोणीसशे सत्तर संपलं आणि पेन अडलं.

एकाहत्तरच्या ऑगस्टमध्ये हेमलॉक हॉलोच्या ट्रॅकवर तिचा भाऊ रोमन गेला. गाडी नंबर अठ्ठेचाळीस, तिसरं वळण, त्रेसष्टावी फेरी. आणि त्याच्या मरणाने आमच्या बोलीला एक शब्द दिला: कुबियाकगिरी. हरलेला असताना, काही मिळणार नसताना, उगाच जिवावर उदार होऊन घुसणं म्हणजे कुबियाकगिरी. कारण फलकावर रोमन एक फेरी मागे होता, सगळ्यांनी पाहिलं होतं. एक फेरी मागे असलेला माणूस पहिल्या नंबरच्या गाडीला बाहेरच्या बाजूने ओलांडायला जातोच कशाला? हा शब्द आता शाळेतली पोरंही वापरतात. बायका पत्ते खेळतानाही वापरतात.

रोमनचा मुलगा क्रेग तेव्हा दोन वर्षांचा होता. त्याची आई वर्षभरातच एका पशुखाद्याच्या विक्रेत्याबरोबर अॅरिझोनाला निघून गेली, आणि पोराला बर्निसने वाढवलं. तिने लग्न केलं नाही. तिचं म्हणून जे काही या जगात होतं ते क्रेग. तो आता सत्तेचाळीस वर्षांचा, मालिकेचा झेंडेवाला. गाडी मात्र त्याने जन्मात कधी शर्यतीत घातली नाही. दर रविवारी शर्यतीआधी ड्रायव्हरांना सूचना देताना शेवटी तोच म्हणायचा, ‘‘आणि कुबियाकगिरी करायची नाही.’’ सगळे हसायचे, तोही हसायचा. लोक म्हणायचे, क्रेगचं मन मोठं. बर्निसला ते हसू ऐकवत नसे. ती तेवढ्यात कॉफी आणायला जायची.

पुस्तिकेत तो शब्द घालू की नको, असं तिने एकदा जेवताना त्याला विचारलं होतं.

‘‘घाल की आत्या,’’ सॉसेजवर मोहरी लावत तो म्हणाला. ‘‘बाबांनी मागे दुसरं काय ठेवलंय? एक मूर्खपणा आणि एक शब्द. शब्द तरी धड छापून येऊ दे.’’

तिने बटाट्यांची थाळी त्याच्याकडे सरकवली. बोलायचं होतं ते पंचेचाळीस वर्षं राहूनच गेलं होतं.

आता मोजणं म्हणजे काय, ते सांगायला हवं. हल्ली गाडीला चिप लावतात आणि यंत्र मोजतं. तेव्हा बायका मोजायच्या. रेषेसमोर लाकडी मचाण, मचाणावर बाकं, एका गाडीला एक बाई, बाईच्या हातात कार्ड आणि पेन्सिल. समोर एक भलंमोठं घड्याळ. आपली गाडी रेषा ओलांडून गेली की घड्याळाचा आकडा पुढच्या ओळीवर लिहायचा. जितक्या ओळी तितक्या फेऱ्या. यात डोकं घालायचं नसतं. डोळ्याने पाहायचं, हाताने लिहायचं. एखादीची नजर हललीच आणि गाडी निसटली, तर तिने तिथल्या तिथे ओरडायचं: ‘‘चुकली!’’ मग मुख्य मोजणारी आजूबाजूच्या दोघींची कार्डं पाहून ती फेरी भरून देत असे. गुन्हा काहीच नव्हता. फक्त ओरडणारीला दिवसभर एक टोपी घालावी लागे, जिच्यावर रबराची कोंबडी शिवलेली होती. प्रत्येकीने ती कधी ना कधी घातली होती. बर्निसने सहा वर्षांत एकदाही नाही, आणि हे ती कोणाला विसरू देत नसे.

रोमन गेला त्या दिवशी त्याच्या गाडीचं कार्ड बर्निसच्या हातात होतं. कोंबडी शेजारच्या डार्लीनच्या डोक्यावर होती आणि सगळ्यांत मोठ्याने बर्निस हसली होती. त्याच दुपारी एक्केचाळिसाव्या फेरीला तिची नजर खाली गेली. क्षणभरच. वर पाहिलं तर अठ्ठेचाळीस पहिल्या वळणात शिरली होती. शब्द तिच्या जिभेवर आला. डार्लीन शेजारी बसून कोंबडी सावरत होती. बर्निसने शब्द गिळला. नंतर दोन ओळींच्या मधे घुसवू, असं मनाशी म्हणाली.

पन्नासाव्या फेरीला फलक बदलला. अठ्ठेचाळीस, एक फेरी मागे. रोमनच्या पिटमधला, म्हणजे ट्रॅकशेजारी त्याची गाडी सांभाळणारा, माणूस धापा टाकत जिना चढून आला. बर्नी, एखादी चुकली तर नाही ना, असं त्याने विचारलं. आणि ती म्हणाली, ‘‘माझी चुकत नाही.’’

एवढेच तीन शब्द. तो माणूस खाली गेला आणि पाटीवर खडूने उणे एक लिहून त्याने रोमनला दाखवलं. रोमन तोवर तिसऱ्या नंबरवर शांतपणे चालवत होता, शेवटच्या दहा फेऱ्यांसाठी टायर राखत. त्याची रीतच ती होती. पाटी पाहिल्यावर त्याने गेलेली फेरी परत मिळवायला जीव काढला, आणि तेरा फेऱ्यांत तो जीव गेला. त्या गोंधळात कार्डं कोणी तपासली नाहीत. गठ्ठा बांधून खोक्यात टाकली. बर्निस पुन्हा मचाणावर चढली नाही.

तर खोके. जूनमधल्या एका सकाळी, एकाहत्तर तसंच सोडून, बर्निस चौऱ्याहत्तरच्या हेमलॉक हॉलोच्या शर्यतीचा निकाल लिहून घेत होती. बावीस गाड्या. तिने सवयीने कार्डं मोजली, ती तेवीस भरली. पुन्हा मोजली. मग एकेक उलटत गेली आणि मधेच अठ्ठेचाळीस नंबर समोर आला.

हा नंबर मालिकेने एकाहत्तरलाच कायमचा बंद केला होता. तरी ते कार्ड होतं. पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत भरलेलं, तेही डार्लीनच्या अक्षरात. डार्लीनचा चारचा आकडा कायम वरून उघडा, उलट्या खुर्चीसारखा, तो चुकायचा नाही. बर्निसने बोट ठेवून ओळी मोजल्या. शंभर फेऱ्यांची शर्यत, ओळी नव्व्याण्णव. दर ओळीत अठरा सेकंदांचा फरक. अठरा, अठरा, साडेसतरा, अठरा. चाळिसाव्या ओळीवर बारा मिनिटं चार. पुढच्या ओळीवर बारा मिनिटं चाळीस.

मोजणाऱ्या बाईला हे समजायला दुसऱ्यांदा बघावं लागत नाही. छत्तीस सेकंदांत एक फेरी होत नसते. दोन होतात, त्यातली एक चुकलेली असते. एक्केचाळिसावी.

तिला आधी राग आला. कोणीतरी चेष्टा केली आहे आणि चेष्टेला काही मर्यादा असते, असं ती स्वयंपाकघरात एकटीच मोठ्याने म्हणाली. मग तिने पंचाहत्तरचा गठ्ठा सोडला. गाड्या चोवीस, कार्डं पंचवीस. शहात्तर, एक जास्त. अठ्ठ्याहत्तर, एक जास्त. बाकीच्या चार ट्रॅकचे गठ्ठे बरोबर, फक्त हेमलॉक हॉलोचा प्रत्येक गठ्ठा एकाने जड. अक्षरं वेगवेगळी: गिरणीतल्या लॉइसचं, चर्चमध्ये ऑर्गन वाजवणाऱ्या इर्माचं, नंतर काही अशा बायकांचं ज्यांची तिला ओळखही नव्हती. रोमन गेला तेव्हा ज्या जन्मल्याही नसतील अशांचं. सगळ्यांच्या नव्व्याण्णव ओळी, आणि सगळ्यांची एक्केचाळिसावी गायब. हे सत्त्याण्णवपर्यंत चाललं. अठ्ठ्याण्णवला चिपा आल्या आणि कार्डं संपली.

तिने शेवटी एकाहत्तरचा गठ्ठा उघडला. आपलं स्वतःचं कार्ड. एकसष्ट ओळी, आणि खाली कोरं. चाळीस आणि एक्केचाळीस या दोन ओळींच्या मधे तेच छत्तीस सेकंद. ते तिने कधी भरलंच नव्हतं. बाहेर भर उन्हात शेजाऱ्याचं गवत कापायचं यंत्र चालू होतं.

डार्लीन वृद्धाश्रमात होती, गुडघे गेलेले, जीभ शाबूत. बर्निस पोचली तेव्हा ती तिघांना शीप्सहेड नावाच्या पत्त्यांच्या डावात लुबाडत बसली होती. बर्निसने चौऱ्याहत्तरचं कार्ड पत्त्यांवर ठेवलं. डार्लीनने चष्मा लावला, पाहिलं, आणि बाकीच्यांना कॉफी प्यायला पिटाळलं.

‘‘उशीर केलास बाई,’’ ती म्हणाली. ‘‘मला वाटलं आता मी मेल्यावरच येतेस.’’

‘‘हे काय आहे, डार्ली?’’

‘‘कार्ड आहे. दिसत नाही का?’’

मग तिने सांगितलं, बाजारातले दर सांगावेत तसं सरळ. बहात्तरच्या हेमलॉक हॉलोच्या शर्यतीला मोजताना लॉइसला वाटलं, आपल्या गाडीमागे एक जास्तीची गाडी आहे. इर्मालाही दिसली. हातात कार्ड-पेन्सिल असेल तरच दिसायची, खाली ठेवलं की नाही. ड्रायव्हरांना दिसत नसे, पण त्या जागेत कोणी आपली गाडीही घालत नसे. का, ते त्यांना विचारलं तर सांगता येत नसे.

‘‘भूतबित काही नाही गं,’’ डार्लीन म्हणाली. ‘‘पांढरं धुकं नाही की काही नाही. रोमनची निळी गाडी. मळकी. उजवा दरवाजा चेपलेला. तीच पाहून अंगावर काटा यायचा, ती इतकी नेहमीसारखी होती.’’

‘‘आणि तुम्ही मोजलीत?’’

‘‘मग काय करायचं? समोरून गाडी गेली की लिहायचं. डोकं घालायचं नाही. हे आम्हाला कोणी शिकवलं? तूच ना?’’

त्यांनी पाळी लावली होती. दर वर्षी एकीकडे एक जास्तीचं कार्ड. आणि दर वर्षी एक्केचाळिसाव्या फेरीला काहीतरी व्हायचं. कोणाला शिंक आली, कोणाची पेन्सिल तुटली, इर्माला तर कोणीतरी नावाने हाक मारली, मागे कोणी नव्हतं. नजर हलायचीच, आणि वर पाहावं तर गाडी गेलेली. तीन-चार वर्षांत सगळ्यांना उमगलं. मोजणाऱ्या बायकाच त्या, त्यांना दोन अधिक दोन कोणी सांगायला नको.

‘‘म्हणजे तुम्हाला माहीत होतं,’’ बर्निस म्हणाली. ‘‘इतकी वर्षं.’’

‘‘सगळ्यांना.’’

‘‘आणि एकही बोलली नाही.’’

डार्लीनने पत्ते गोळा करून पिसायला घेतले. ‘‘आम्ही कशा बोलणार? नियम काय आहे? जिची चुकली तिनेच ओरडायचं. दुसरीने ओरडलेलं धरत नाहीत.’’ तिने गठ्ठा खाली ठेवला. ‘‘चिपा आल्यापासून त्याला कोणी मोजत नाही, बर्नी. अठरा वर्षं झाली. मला रात्री झोप लागत नाही ती गुडघ्यांमुळे नाही.’’

बर्निस गाडीत बसून घरी आली आणि आठ दिवस तिने पुस्तिकेला हात लावला नाही. तिला भीती रोमनची नव्हती. भाऊ होता, त्याने ओरडून घेतलं असतं तर बरंच झालं असतं. भीती क्रेगची होती. तो दर रविवारी येतो, तिच्या छपराच्या पन्हळीतली पानं काढतो, औषधाची डबी भरून ठेवतो. बाप मूर्ख होता, हे त्याने पचवलं होतं. बापाला आत्याने मारलं, हे कोणी कसं पचवावं? बोललं तर तो जाईल. नाही बोललं तर त्याच्या बापाचं नाव ती स्वतःच्या हाताने, छापून, कायमचं चिखलात घालील. या दोन्हीच्या मधे तिला तिसरा रस्ता दिसेना.

साठीचा समारंभ ऑगस्टच्या रविवारी दुपारी हेमलॉक हॉलोवर होता. समितीने हौसेने ठरवलं की या एका शर्यतीला चिपांबरोबर जुन्या पद्धतीने बायकाही मोजतील. मचाणाला नवीन फळ्या मारल्या. हयात होत्या त्या म्हाताऱ्या आणि त्यांच्या लेकी-सुना अशा चोवीस जणी गोळा झाल्या. मुख्य मोजणारी म्हणून बर्निसला बसवलं आणि तिच्या कानाला हेडफोन लावला. त्या वाहिनीवर झेंड्याजवळ उभा असलेला क्रेग बोलतो आणि चोवीसही ड्रायव्हर ऐकतात. डार्लीनला चाकाच्या खुर्चीसकट वर उचलून आणलं होतं. तिने बर्निसच्या पुढ्यात एक कोरं कार्ड सरकवलं. बर्निसने वर नंबर लिहिला.

सूचनांच्या वेळी क्रेगने नेहमीचं वाक्य म्हटलं. सगळे हसले. या खेपेला कॉफी आणायला जाता येत नव्हतं.

हिरवा झेंडा पडला. तळलेल्या चीजचा आणि जळक्या रबराचा वास वर आला. गाड्या पहिल्यांदा रेषेवरून गेल्या आणि चौथ्या नंबरच्या मागे, जिथे दोन गाड्यांचं अंतर मोकळं होतं आणि कोणीच ते भरत नव्हतं, तिथून निळी गाडी गेली. बर्निसचा हात लिहून मोकळा झाला. तिच्या छातीत धडधडलंही नाही, इतकं ते साधं होतं. उजवा दरवाजा चेपलेला. खिडकीत कोपर. रोमन कोपर बाहेर काढून चालवायचा, त्याबद्दल आई त्याला शिव्या द्यायची.

दुसरी फेरी. दहावी. वीस. तो तिसऱ्या नंबरवर आला आणि तिथे शांत राहिला. शेजारी डार्लीन आपल्या गाडीचं कार्ड भरत होती, तिची नजर मात्र मधूनमधून बर्निसच्या कार्डाकडे जात होती. तीस. पस्तीस. तळव्याला घाम आला म्हणून बर्निसने पेन्सिल स्कर्टला पुसली. चाळीस, आणि घड्याळात बारा मिनिटं चार.

निळी गाडी चौथ्या वळणातून बाहेर येत असताना तिच्या पायांशी, फळ्यांवर, काहीतरी पडलं. खट्. हलकंसं. मग एक बारकी हुंदक्याची सुरुवात, रडू येण्याआधी पोरं श्वास ओढतात तशी. हा आवाज तिने याच जागी ऐकला होता. तिची मान आपोआप वळायला लागली. मानेचे स्नायू दुखेपर्यंत तिने ती धरून ठेवली. डोळ्यांत पाणी आलं, पापणी मिटली नाही. गाडी रेषेवरून गेली. बारा मिनिटं बावीस. तिने लिहिलं.

मग तिने हेडफोनचं बटण दाबलं. नियम असा की त्याच फेरीत ओरडायचं.

‘‘चुकली,’’ ती म्हणाली. आवाज फाटला म्हणून पुन्हा म्हणाली. ‘‘चुकली. गाडी अठ्ठेचाळीस. फेरी एक्केचाळीस. साल एकाहत्तर. मोजणारी बर्निस कुबियाक. गाडी रेषेवरून गेली होती, मी लिहिली नाही. मला विचारायला आले तेव्हा मी नाही म्हणाले. तो मागे नव्हता. तो एकही फेरी मागे नव्हता.’’

मचाणावरच्या जुन्या बायकांपैकी एकीनेही मान वर केली नाही. त्या मोजत होत्या. डार्लीनच्या हनुवटीवरून पाणी ओघळत होतं आणि तिचा हात लिहीत होता.

हेडफोनमध्ये काहीच आलं नाही. खरखरसुद्धा नाही. समोर, रेषेवरच्या उंच खांबावर क्रेग पाठमोरा उभा होता. त्याचे खांदे हलले नाहीत. बर्निस वाट पाहू लागली. पन्नासावी फेरी झाली, साठावी झाली. त्रेसष्टाव्या फेरीला निळी गाडी तिसऱ्या वळणात शिरली आणि तिने श्वास धरला. गाडी पुढच्या बाजूने बाहेर आली. त्यानंतरच्या ओळी तिच्या स्वतःच्या जुन्या कार्डावर कोऱ्या होत्या. ऐंशी. नव्वद. शेवटच्या दहा फेऱ्यांत रोमनने टायर राखल्याचं दिसलं आणि ती एकटीच हसली. क्रेग अजून वळला नव्हता. हा पोरगा आता माझ्याशी आयुष्यात बोलणार नाही, असं तिने स्वतःला सांगून टाकलं, आणि हात लिहीत राहिला.

शंभर. क्रेगने चौकटींचा झेंडा उघडला. पहिली गाडी गेली, दुसरी गेली, लोकांनी आरडाओरडा केला. एकेक करत चोवीस गाड्या झेंड्याखालून गेल्या आणि पिटकडे वळल्या. क्रेगने झेंडा गुंडाळला नाही. शंभर फेऱ्या कोणीच न भरलेली ती मोकळी जागा खांबावरून त्यालाही दिसली होती.

हेडफोन खरखरला.

‘‘आत्या. बाबा कुठे आहेत?’’

शेवटची फेरी रोमन सावकाश मारत होता, सगळ्यांना पुढे जाऊ देऊन. ‘‘तिसऱ्या वळणात,’’ ती म्हणाली. ‘‘बाहेर आला. आता चौथ्यात.’’

‘‘मला दिसत नाही. तू सांग.’’

‘‘सरळ पट्ट्याला लागला. येतोय. अजून नाही. अजून नाही.’’ मग, ‘‘आता.’’

मोकळ्या ट्रॅकवर क्रेगने झेंडा हलवला, दोन्ही हातांनी, पूर्ण, जसा जिंकणाऱ्यासाठी हलवतात. प्रेक्षकांतले काही हसले. पिटमध्ये हेडफोन लावून बसलेल्या ड्रायव्हरांपैकी कोणी हसलं नाही, एकेकाने इंजिन बंद केलं.

बर्निसने ओळ लिहिली. शंभर ओळी भरल्या. तिने कार्डावरून नजर काढली आणि ट्रॅकवर पाहिलं, तिथे फक्त ऊन होतं.

क्रेग मचाणाचा जिना चढून आला तोवर बायका आपापली कार्डं घेऊन खाली गेल्या होत्या. डार्लीनला नेताना ती कोणावर तरी खेकसली, सावकाश न्या म्हणून. क्रेग बाकावर बसला, मधे एका माणसाची जागा सोडून. कार्ड हातात घेऊन त्याने पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत पाहिलं. चेहरा राखेसारखा झाला होता. बर्निसला त्याला हात लावायचा होता, पण तेवढा हक्क आता आपला उरला आहे की नाही, हे तिला कळेना.

‘‘मी ते वाक्य किती वेळा बोललोय,’’ तो म्हणाला. ‘‘दर रविवारी. तू तिथे असायचीस.’’

‘‘हो.’’

‘‘तू ऐकायचीस.’’

‘‘हो.’’

मग त्याने कार्डावर एक्केचाळिसाव्या ओळीवर बोट ठेवलं. ‘‘लक्ष कुठे होतं तुझं?’’

दोन वर्षांचं पोर तिच्या पायांशी बसवून त्याची आई लिंबूपाणी आणायला गेली होती. पोराने पायातला लाल बूट ओढून काढला, तो फळीवर आपटला आणि दोन फळ्यांच्या फटीतून खाली गेला. पोराने श्वास ओढला. ते रडायच्या आत तिने वाकून त्याच्या डोक्यावर हात ठेवला होता, तेवढंच. पंचेचाळीस वर्षांत ही गोष्ट तिने कोणाला सांगितली नव्हती, डार्लीनलाही नाही.

क्रेग वाट पाहत होता. डोळे अगदी तेच होते.

‘‘माशी होती,’’ बर्निस म्हणाली. ‘‘डोळ्यासमोर आली. मी हाकलली.’’

‘‘माशी.’’

‘‘हो.’’

‘‘एका माशीपायी,’’ क्रेग म्हणाला. त्याने कार्ड तिच्या मांडीवर ठेवलं आणि तो उठून जिन्याकडे गेला.

‘‘हो,’’ बर्निस म्हणाली. ‘‘एका माशीपायी.’’